टँकरच्या मागची नारिंगी पाटी अन् कारखान्याच्या गेटवरचा फलक : गावाला काय विचारता येतं?

महामार्गाच्या कडेला ज्यांची शेतं आहेत त्यांनी ही पाटी हजार वेळा बघितली असेल. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे चौकोनी पाटी, त्यावर चार आकडी नंबर, वरती एखादं अक्षर-आकडा, शेजारी चौकटीत आगीचं किंवा कवटीचं चित्र आणि खाली फोन नंबर. बहुतेकांना वाटतं की हा कंपनीचा किंवा गाडीचा काहीतरी नंबर असेल. तसं नाही. ती पाटी गाडीवाल्यासाठी नाहीच. गाडी पलटी झाली, ड्रायव्हर बेशुद्ध पडला, तर पहिल्यांदा पोचणाऱ्या माणसासाठी ती आहे. आणि आपल्याकडे पहिल्यांदा पोचतो तो शेजारच्या वावरातला शेतकरी, अग्निशमन दल नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या प्रत्येक वाहनावर ही पाटी तीन ठिकाणी लावायची असते. चार आकडी नंबर हा त्या पदार्थाचा 'यूएन नंबर'. जगभर एकच. १०७५ म्हणजे एलपीजी, म्हणजे आपल्या सिलिंडरमधला गॅस. १२०३ पेट्रोल. १००५ अमोनिया. १०१७ क्लोरीन. १८३० गंधकाचं आम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड. ११७० स्पिरिट, जे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघतं आणि ऊस पट्ट्यात ज्याचे टँकर रोज दिसतात. नंबराबरोबर असलेला आकडा-अक्षरांचा कोड अग्निशमनवाल्यांसाठी असतो. त्याच्या सुरुवातीचा आकडा ४ असेल तर पाणी मारायचं नाही, कोरडं साधन वापरायचं. आणि कोडच्या शेवटी इंग्रजी 'ई' असेल, तर परिसर रिकामा करायचा विचार लगेच करायचा, असा त्याचा अर्थ. हे एक अक्षर तरी प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

चित्रंही सोपी आहेत. लाल चौकटीत ज्वाळा म्हणजे पेट घेणारं. पांढऱ्यावर कवटी म्हणजे विषारी. हातावर थेंब पडताना दाखवलेलं, खाली काळं वर पांढरं, म्हणजे कातडी जाळणारं. निळ्या चौकटीत ज्वाळा म्हणजे पाणी लागलं की भडकणारं, आणि तिथं मदत म्हणून बादली घेऊन धावणारा माणूसच जायबंदी होतो.

नियम एवढ्यावर थांबत नाहीत. माल पाठवणाऱ्यानं वाहतूकदाराला त्या पदार्थाची पूर्ण माहिती द्यायची. ड्रायव्हरजवळ 'ट्रेम कार्ड' असायलाच हवं, ज्यावर गळती झाली, आग लागली, अंगावर उडालं तर काय करायचं ते लिहिलेलं असतं. असा माल नेणाऱ्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यायला पाहिजे, वेगळं प्रशिक्षण घेतलेलं पाहिजे आणि लायसनवर तशी नोंद पाहिजे. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्याला आणि गाडीमालकाला त्यानं लगेच कळवायचं. आता ढाब्यावर उभ्या असलेल्या टँकरकडे नीट बघा. पाटी पुसलेली, चिखलानं माखलेली, कधी मागच्या खेपेचाच नंबर तसाच. आतमध्ये एक माल, बाहेर दुसऱ्याचं नाव. असा टँकर उलटला तर फायर ब्रिगेडसुद्धा चुकीचं औषध मारणार.

टँकर उलटल्यावर

२० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली. गॅस बाहेर पडला, रस्त्यावर पसरला आणि काही क्षणांत पेटला. पुढची-मागची वाहनं, त्यात प्रवाशांची बससुद्धा, आगीत सापडली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकतो, नाल्यात, चरात, विहिरीत जाऊन बसतो. चालू मोटारसायकल, विडी, वावरातल्या मोटारीचा स्टार्टर, एवढी ठिणगी त्याला पुरते.

म्हणून पहिलं काम बघायला जाणं नव्हे, लांब जाणं. वारा कुठून येतोय ते बघायचं; धूळ उडवून किंवा झाडाच्या फांद्या बघून कळतं. गॅस ज्या दिशेला चाललाय त्याच दिशेला सरळ पळायचं नाही. वाऱ्याला आडवं, बाजूला निघायचं आणि उंचावर जायचं. अमोनिया किंवा क्लोरीनचा वास आला तर नाका-तोंडावर ओलं फडकं धरायचं. ११२ ला फोन करून पाटीवरचा चार आकडी नंबर सांगायचा, तोही लांबूनच मोबाईलच्या कॅमेऱ्यानं झूम करून. एलपीजी गळतीसाठी १९०६ हा वेगळा नंबर आहे, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७.

आणि पेट्रोल-डिझेल सांडलं म्हणून कळशा, कॅन घेऊन धावायचं तर नाहीच नाही. २०१७ च्या जूनमध्ये पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरमधलं तेल भरायला गावकरी जमले, आग लागली आणि दोनशेच्या वर माणसं गेली. त्यात बायका होत्या, पोरं होती.

कारखान्यानं कुणाला काय सांगायचं असतं

रस्त्यावरचा टँकर निघून जातो. एमआयडीसीतला, नाहीतर गावाच्या शिवारात एकटाच उभा असलेला कारखाना तिथंच असतो.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये किटकनाशकाच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू सुटला. टाकीत सुमारे ४० टन होता. झोपेतून उठून लोक पळाले, कुठं पळायचं ते माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही वायू कोणता आणि उपचार काय करायचा ते ठाऊक नव्हतं. हजारो माणसं मेली. पुढं वर्षभरात, ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम गळलं. त्यानंतर आपल्याकडचे कायदे भराभर आले : १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाना कायद्यातली दुरुस्ती, आणि १९८९ चे घातक रसायनांचे उत्पादन, साठवण आणि आयात नियम.

१९८७ च्या दुरुस्तीतली गोष्ट गावकऱ्यांच्या कामाची आहे. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्यानं धोक्याची माहिती फक्त सरकारी इन्स्पेक्टरला द्यायची नाही. कामगारांना द्यायची, त्या हद्दीतल्या स्थानिक संस्थेला द्यायची आणि आसपासच्या लोकांना द्यायची. स्थानिक संस्था म्हणजे कारखाना ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायत. जुन्या कारखाना कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची नवी संहिता लागू झाली. माहिती उघड करण्याचं बंधन तिच्यातही ठेवलेलं आहे. तेव्हा 'जुना कायदा गेला' असं कुणी गेटवर सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

१९८९ च्या नियमांत रसायनांची यादी आहे आणि प्रत्येकासमोर वजनाचे आकडे. किती माल साठवला की किती जबाबदारी, असा तो हिशेब. क्लोरीनचं उदाहरण घ्या. १० टन किंवा त्याहून जास्त साठा असेल, तर कारखाना सुरू करण्याच्या तीन महिने आधी सगळी माहिती अधिकाऱ्यांना कळवायची, आवाराच्या आतला आपत्कालीन आराखडा तयार ठेवायचा आणि त्याची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी करायची. साठा २५ टनांवर गेला की सविस्तर सुरक्षा अहवाल आणि दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडून सुरक्षा तपासणी. भोपाळच्या त्या वायूसाठी मर्यादा ठेवली आहे फक्त १५० किलो. तिथं ४० टन होता.

मोठा अपघात झाला तर ४८ तासांच्या आत अधिकाऱ्यांना कळवायचं. महाराष्ट्रात हे काम बघतं ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, ज्याला सगळे 'डिश' म्हणतात. प्रदूषणाचं काम वेगळं, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. लोक तक्रार घेऊन या दोघांच्या मधे फिरत राहतात. वास येतो, ओढ्याला फेस येतो ही मंडळाची तक्रार. स्फोटाची भीती, गळती, कामगाराची सुरक्षा ही डिशची. दोन्ही असेल तर दोघांना एकाच दिवशी अर्ज द्यावा, नाहीतर हा त्याच्याकडे अन् तो ह्याच्याकडे बोट दाखवतो.

याच नियमांत आणखी एक कलम आहे, ज्याची अंमलबजावणी गावात क्वचितच दिसते. कारखान्याबाहेर ज्या लोकांना अपघाताची झळ बसू शकते त्यांना कारखान्यानं स्वतः किंवा जिल्हा प्रशासनामार्फत तीन गोष्टी सांगायच्या : धोका कोणता आहे, काय खबरदारी घेतली आहे आणि अपघात झाला तर काय करायचं, काय करायचं नाही. ते सांगणं अपघाताच्या आधी व्हायला पाहिजे. कारखान्याच्या भिंतीबाहेरचा आराखडा जिल्हा प्रशासनानं करायचा आणि वर्षातून एकदा तरी त्याची तालीम घ्यायची. आपल्या गावात अशी तालीम शेवटची कधी झाली, हा साधा प्रश्न ग्रामसभेत विचारून बघा.

७ मे २०२० ला विशाखापट्टणमजवळ पहाटे तीनच्या सुमाराला एका कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली. शेजारी वेंकटापुरम गाव. लोक झोपेत. सरकारनं नेमलेल्या समितीला आढळलं की कारखान्यात धोक्याचा भोंगा वाजवण्याची सोय ३६ ठिकाणी होती. एकाही ठिकाणी तो वाजवला गेला नाही.

आपल्याकडंही ताजी उदाहरणं कमी नाहीत. धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ वाघाडीच्या शिवारात ३१ ऑगस्ट २०१९ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, दहाच्या वर बळी गेले आणि हादरे आसपासच्या गावांनी सोसले. डोंबिवलीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, आठ वर्षांनी २३ मे २०२४ ला त्याच एमआयडीसीत पुन्हा झाला.

सरपंचाची खुर्ची

१९९६ मध्ये रासायनिक अपघातांसाठी आणखी नियम आले. त्यात देशापासून स्थानिक पातळीपर्यंत चार थरांचे आपत्ती गट आहेत. जिल्ह्याचा गट जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. त्याखालचा स्थानिक आपत्ती गट औद्योगिक पट्ट्यापुरता असतो. त्यात प्रांत, कारखाना निरीक्षक, पोलीस ठाण्याचा प्रमुख, गटविकास अधिकारी, डॉक्टर यांच्याबरोबर गावच्या सरपंचासारख्या लोकप्रतिनिधीला आणि स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकालासुद्धा जागा आहे. हा गट महिन्यातून एकदा बसला पाहिजे, सहा महिन्यांतून एकदा पूर्ण तालीम घेतली पाहिजे आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर दिलं पाहिजे, असं नियमात आहे.

ज्या गावांच्या शेजारी एमआयडीसी आहे तिथल्या सरपंचांनी एक पत्र प्रांत कार्यालयाला द्यायला हरकत नाही : आमच्या पट्ट्याचा स्थानिक आपत्ती गट आहे का, त्यात कोण आहे, मागच्या सहा बैठकांची इतिवृत्तं द्या. गट फक्त कागदावर असेल तर या एका पत्रानं तो निदान एकदा तरी बसतो.

आता या सगळ्या कायद्यातली मोठी फट. आकड्याच्या खाली साठा ठेवला की बऱ्याचशा जबाबदाऱ्या लागूच होत नाहीत. अमोनियाची मर्यादा पन्नास-साठ टनांच्या घरात आहे. आपल्या भागातली कोल्ड स्टोरेज, बर्फाचे कारखाने, दूध शीतकरण केंद्रं यांच्याकडं सहसा त्याच्या कितीतरी कमी अमोनिया असतो. द्राक्षं, डाळिंब, बटाटा, दूध, सगळं त्याच्यावर थंड होतं. पण पाईप फुटला तर शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाला दोन टनसुद्धा जास्तच झाले. पाणीपुरवठा योजनेवरच्या क्लोरीन सिलिंडरचंही तेच. ही ठिकाणं 'मोठा धोका' या यादीत बसत नाहीत म्हणून तिथं विचारायला कुणी जात नाही. तरी एक बंधन त्यांनाही आहे : घातक रसायन ठेवणाऱ्यानं त्याचं सुरक्षा माहितीपत्रक ठेवायचं आणि भांड्यावर नाव, धोका लिहायचा. मालक ओळखीचा असतो, त्याला सरळ विचारा की वाल्व बंद करणारा माणूस रात्री हजर असतो का.

रात्रीचा टँकर आणि निळं पिंप

कारखान्यातून निघणारी घाण हा वेगळा विषय आणि वेगळे नियम, २०१६ चे. घातक कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवायचा नाही, तो मंडळाची परवानगी असलेल्या ठिकाणीच पाठवायचा. राज्यात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं अशी विल्हेवाट केंद्रं आहेत. कचरा निघाला की त्याच्याबरोबर सात प्रतींचं चलन निघतं, प्रत्येक प्रत वेगळ्या रंगाची. पांढरी मंडळाला, पिवळी पाठवणाऱ्याकडं, गुलाबी घेणाऱ्याकडं, नारिंगी वाहतूकदाराकडं, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी परत पाठवणाऱ्याला, आणि माल परराज्यात गेला तर करडी पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळाला. कारखान्यातून निघालं आणि केंद्रात पोचलं, हे दोन्ही टोकांनी जुळलं पाहिजे.

विल्हेवाटीला पैसे लागतात. ते वाचवायला रात्री टँकर ओढ्यावर जातो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत असंच रसायन सोडलं आणि शेकडो लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. ६ जानेवारी २०२२ ला सुरतेजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून नाल्यात सोडलेल्या रसायनातून विषारी वायू झाला, सहा कामगार मेले. रात्री ओढ्याकाठी पाईप सोडलेला टँकर दिसला तर जवळ जाऊन ड्रायव्हरची गचांडी धरण्यात शहाणपणा नाही, वायूनं आपणच पडू. लांबून नंबर प्लेटचा फोटो, वेळ, ठिकाण घ्या, ११२ ला कळवा, जनावरं त्या पाण्यावर सोडू नका. पोलीस आले की चलन मागायला सांगा. चलन नसेल तर तिथंच प्रकरण उघडं पडतं. पाण्याचा नमुना मंडळाच्या माणसानं घेतलेला बरा. आपण बाटलीत भरून ठेवलेल्या पाण्यावर समोरचा वकील हसतो.

निळ्या पिंपांचं काय? बाजारात चारशे-पाचशेला मिळतात, घराघरांत आहेत. पाणी, धान्य, कुट्टी, सगळं त्यांत. ज्या पिंपात घातक रसायन होतं ते रिकामं पिंपसुद्धा याच नियमांत घातक कचरा धरलेलं आहे. ते परवानाधारकाकडं धुवायला-निकाली काढायला जायला हवं, आठवडी बाजारात नाही. लेबल खरवडलेलं पिंप स्वस्त मिळत असेल तर ते का खरवडलं, हा विचार करा. निरमा-चिंचेनं धुतल्यावर वास जातो. प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं जात नाही.

दंड आणि भरपाई

आधी पर्यावरण संरक्षण कायदा मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद होती. १ एप्रिल २०२४ पासून जनविश्वास कायद्याच्या दुरुस्तीनं कैद काढून त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. खटले वर्षानुवर्षं पडून राहण्यापेक्षा दंड लवकर वसूल होईल, असं सरकारचं म्हणणं. छोट्या कारखान्याला १५ लाख जड जातील. मोठ्याला तो महिन्याचा किरकोळ खर्च आहे, हेही खरं.

नुकसान झालेल्याला मात्र एक रस्ता आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली घातक पदार्थ हाताळणाऱ्या मालकानं विमा काढलेला असलाच पाहिजे. अपघातात माणूस गेला, जखमी झाला, मालमत्तेचं नुकसान झालं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. चूक कुणाची ते सिद्ध करायची गरज नाही. कारखान्यातल्या कामगारांचा विषय या कायद्यात येत नाही, तो कामगार भरपाईचा. हा बाहेरच्या लोकांसाठी आहे. ही तातडीची मदत, पूर्ण भरपाई नव्हे. जास्तीसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडं जाता येतं, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे, आणि तिथंही भरपाईची मुदत पाच वर्षांची. पंचनामा, दवाखान्याचे कागद, मेलेल्या जनावराचा शवविच्छेदन अहवाल त्याच आठवड्यात करून घ्यावा लागतो. विहीर खराब झाल्याचं दोन वर्षांनी सांगितलं तर कोण मानणार?

अर्ज कसा करायचा

आधी गेटवर जाऊन फलक बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशानंतर घातक रसायनं आणि कचरा हाताळणाऱ्या उद्योगांनी मुख्य दरवाजाबाहेर माहितीचा फलक लावायचा आहे, तोही स्थानिक भाषेत. फलक नसेल, कोरा असेल किंवा आकडे कित्येक वर्षांचे जुने असतील तर फोटो काढा. तक्रारीला एवढं पुरतं.

मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाही. डिशच्या कार्यालयाला विचारा : अमुक गट नंबरातल्या कारखान्यात कोणती घातक रसायनं, जास्तीत जास्त किती साठवायला नोंद आहे, आपत्कालीन आराखड्याची तारीख, शेवटच्या दोन तालमींचे अहवाल. मंडळाला विचारा : संमतीपत्राची प्रत, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण. प्रश्न थोडे आणि नेमके ठेवा. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की 'मागणी मोघम आहे' म्हणून परत येतो. व्यापारी गुपित म्हणून काही नाकारतील, पण गावाला असलेला धोका हे कुणाचं व्यापारी गुपित होत नाही, असं अर्जातच लिहून टाकावं. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. दोन्ही वेळा पोच घ्या, शिक्क्यासकट, आणि एक झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावून ठेवा. सरपंच बदलला तरी ती तिथं राहते.